पैसे कट झाले, पण चिठ्ठी निघाली नाही: स्वाइप मशीनच्या नेहमीच्या तक्रारी

सांगली-मिरजेत दुकानांची स्वाइप मशीन बसवायचं आणि सांभाळायचं काम करतो. फोन येतो तो बहुतेक वेळा एकच: "मशीन बिघडलंय, लगेच या." गेल्यावर दिसतं की मशीन ठणठणीत आहे. अडकलेलं असतं ते मशीन आणि गिऱ्हाइकाची बँक यांच्या मधल्या वाटेत. नेमकं कुठं अडकलं ते काउंटरवर उभ्या-उभ्या समजतं, फक्त घाईघाईने दुसऱ्यांदा कार्ड घालायचं नाही. निम्मी भांडणं त्या दुसऱ्या वेळेमुळेच होतात.

नेहमीचा प्रसंग असा. कापड पेठेतलं साड्यांचं दुकान, लग्नसराई, बिल ८,४५० रुपये. ताईंनी कार्ड घातलं, पिन दाबला, "प्रोसेसिंग" बराच वेळ फिरत राहिलं आणि शेवटी "टाइम आउट" आलं. चिठ्ठी नाही. तेवढ्यात ताईंच्या पर्समध्ये मोबाइल वाजला.

"दादा, पैसे कट झालेत बघा. मेसेज आलाय की."

"ताई, आमच्याकडं काहीच आलं नाही. परत एकदा कार्ड द्या."

दोघंही खरं बोलत असतात. म्हणूनच वाद मिटत नाही.

मशीन स्वतः पैसे घेत नाही, ते फक्त विचारतं. रक्कम, कार्डाचा नंबर, मशीनचा नंबर आणि कुलूपबंद केलेला पिन असा निरोप ते आधी तुमच्या बँकेकडे पाठवतं, म्हणजे ज्या बँकेचं मशीन आहे तिच्याकडे. तिथून तो रूपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यावरून गिऱ्हाइकाच्या बँकेत पोहोचतो. ती बँक पिन, शिल्लक आणि मर्यादा बघते, खात्यातून रक्कम वळती करते आणि "हो" किंवा "नाही" असं उत्तर त्याच वाटेने परत धाडते. खात्यातून पैसे जातात ते त्या टोकाला आणि चिठ्ठी निघते ती या टोकाला. उत्तर परतीच्या वाटेवर हरवलं, म्हणजे ऐन वेळी रेंज गेली किंवा मधला सर्व्हर अडकला, तर तिकडे पैसे कटलेले असतात आणि इकडे मशीनला त्याचा पत्ता नसतो.

यावरचा उपाय मशीनमध्येच आहे. ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही की मशीन स्वतःहून दुसरा निरोप तयार करतं: मघाचा व्यवहार रद्द समजा, पैसे परत करा. याला रिव्हर्सल म्हणतात. कार्डाच्या निरोपांची एक आंतरराष्ट्रीय भाषा ठरलेली आहे, तिचं नाव आयएसओ ८५८३. तिच्यात पैसे मागायचा निरोप ०२००, त्याचं उत्तर ०२१० आणि रद्द करायचा निरोप ०४००. रेंज नसेल तर हा ०४०० मशीनच्या पोटात साठून राहतो आणि रेंज आल्यावर, बहुतेक मशीनमध्ये पुढच्या व्यवहाराच्या आधी, निघून जातो. काही मशीन तर तो गेल्याशिवाय पुढचं कार्डच घेत नाहीत, "रिव्हर्सल पेंडिंग" दाखवून अडून बसतात.

आता अशा वेळी आपल्याकडे काय होतं? मशीन अडकलं की मालक पहिल्यांदा त्याची बॅटरी काढतात. मग मशीन ड्रॉवरमध्ये, आणि त्या दिवसाचा सगळा धंदा क्यूआरवर. ताईंचे पैसे परत करायचा निरोप त्या बंद मशीनमध्ये पडून राहतो. बँका आपापसातला हिशोब जुळवताना तो व्यवहार सापडतोच, पण त्याला दिवस लागतात. मशीन चालू ठेवलं असतं आणि रेंजमध्ये नेलं असतं, तर काम बऱ्याचदा लगेच झालं असतं. टाइम आउट आलं की बॅटरीला हात लावू नका, मशीन दाराशी न्या आणि थोडं थांबा.

थांबलात की "रीप्रिंट" दाबा. कुठल्याही मशीनच्या मेनूत शेवटची चिठ्ठी पुन्हा काढायची सोय असते. ८,४५० ची चिठ्ठी निघाली आणि तिच्यावर "अप्रूव्ह्ड" असेल तर पैसे तुमचे झाले. रोल अडकला होता एवढंच. आधीच्याच गिऱ्हाइकाची चिठ्ठी निघाली तर हा व्यवहार मशीनच्या हिशोबात झालेला नाही, तुम्हाला पैसे मिळणार नाहीत आणि ताईंचे परत जाणार आहेत. बँकेचं व्यापारी ॲप मोबाइलवर असेल तर तिथेही बघा. गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरचा मेसेज हा तुम्हाला पैसे मिळाल्याचा पुरावा धरू नका. तो फक्त त्यांच्या खात्यातून रक्कम वळती झाल्याचं सांगतो.

मग माल द्यायचा की नाही? ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर तुमची मर्जी. नसेल तर दुसऱ्या मार्गाने पैसे घ्या, रोख किंवा यूपीआय, आणि अडकलेल्या रकमेसाठी वाट बघायला सांगा. गल्ल्यातून रोख परत मात्र कधीही करू नका. गिऱ्हाईक चिडलेलं असतं, दुकानात गर्दी असते, "घ्या तुमचे साडेआठ हजार" असं म्हणून मोकळं व्हावंसं वाटतं. मग चार दिवसांनी रिव्हर्सलही जमा होतं आणि ते पैसे परत आणून देणारा माणूस विरळा.

किती दिवस वाट बघायची हे रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलं आहे. २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक, लागू झालं १५ ऑक्टोबर २०१९ पासून. खात्यातून पैसे गेले आणि दुकानात चिठ्ठी निघाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत रक्कम आपोआप परत आली पाहिजे. हे दिवस कॅलेंडरचे, सुट्टी धरून. ३ तारखेचा व्यवहार असेल तर ८ तारखेपर्यंत, आणि त्यापुढे उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही गिऱ्हाइकाने न मागता. दुकानात यूपीआयने दिलेले पैसे असेच लटकले तरी हाच पाच दिवसांचा नियम.

तक्रार करायची ती गिऱ्हाइकाने, त्याच्या स्वतःच्या बँकेत. तुमच्या बँकेला त्याचं खातं दिसत नाही, त्यामुळे "दुकानदारालाच फोन लावायला सांगा" हे बँकेतल्या बाईंचं उत्तर अर्धवट असतं. तुम्ही एवढंच करा: मशीनचा नंबर म्हणजे टीआयडी, तारीख, वेळ, रक्कम आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे एका कागदावर लिहून, खाली दुकानाचा शिक्का मारून द्या. चिठ्ठी निघाली असेल तर तिच्यावरचा बारा आकडी आरआरएन सगळ्यात मोलाचा, कारण त्या एका नंबरावर दोन्ही बँकांना व्यवहार सापडतो. बँकेने महिनाभरात दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. १४४४८ वर त्याची माहिती मिळते.

मशीन सरळ "नाही" म्हणतं तेव्हा

हे प्रकरण सोपं, कारण उत्तर आलेलं असतं. चिठ्ठीवर किंवा पडद्यावर दोन आकडी कोड असतो आणि त्यातले चार-पाच लक्षात ठेवले तरी पुरतं. ५१ म्हणजे खात्यात पैसे कमी. ५५ पिन चुकला. ७५ पिन इतक्या वेळा चुकला की आता बँकेने दार लावून घेतलं. ५४ कार्डाची मुदत संपली. ६१ रोजच्या मर्यादेच्या वर रक्कम गेली. सराफ कट्ट्यावर हा नेहमी दिसतो, आणि गिऱ्हाइकाने आपल्या बँकेच्या ॲपमधून मर्यादा वाढवली की जागच्या जागी सुटतो. ९१ म्हणजे गिऱ्हाइकाची बँकच त्या वेळी उत्तर देत नाही. इथे दुसरं मशीन आणून काही उपयोग नाही, दुसऱ्या बँकेचं कार्ड मागा.

०५ हा सगळ्यात वैताग देणारा. त्याचा अर्थ "देत नाही", का ते सांगत नाही. कार्ड थांबवलेलं असेल, बँकेला व्यवहार संशयास्पद वाटला असेल, काहीही. ते गिऱ्हाइकाच्या बँकेलाच माहीत. पाच-पाच वेळा तेच कार्ड घालून उत्तर बदलत नाही. बँकेचा संशय मात्र वाढतो.

५७ बद्दल थोडं जास्त सांगतो. याचा अर्थ या कार्डावर या प्रकारचा व्यवहार बंद आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२० मध्ये बँकांना सांगितलं की नवीन कार्ड देताना ते भारतातल्या एटीएम आणि दुकानातल्या मशीनपुरतंच चालू असावं. ऑनलाइन, परदेशातले आणि टॅपचे व्यवहार गिऱ्हाइकाने स्वतः चालू करायचे. त्यामुळे कोरं करकरीत कार्ड टॅप केलं की नाही म्हणतं आणि मालकाला वाटतं मशीनचं टॅप गेलं. कार्ड खाचेत घाला, पिन घ्या, चालेल. टॅपवर ५,००० रुपयांपर्यंतच बिनपिनचं चालतं, ही मर्यादा १ जानेवारी २०२१ पासूनची, आधी २,००० होती. त्यावरच्या रकमेला मशीन पिन मागणारच, तो बिघाड नव्हे.

हळद, तिखट आणि चिपची खाच

आपल्या गावाचा खास आजार हा. मसाला कांडपाच्या दुकानात आणि मार्केट यार्डाच्या आसपास हवेतच हळदीची भुकटी असते. कार्ड घालायच्या खाचेत आत स्प्रिंगवर बसवलेल्या बारीक पिना असतात, त्या कार्डाच्या चिपवरच्या सोनेरी पट्ट्यांना टेकल्या पाहिजेत. भुकटी, हाताचं तेल आणि पावसाळ्यातली ओल यांचा मिळून त्या पिनांवर लेप बसतो. एका मशीनच्या खाचेत टॉर्च मारून बघितला, तर आतलं सगळं वरणासारखं पिवळंधमक. मग "चिप एरर" येतो, मशीन काळी पट्टी घासायला सांगतं आणि तो व्यवहार गिऱ्हाइकाची बँक बहुधा नाकारते. नाकारणारच, कारण नुसत्या पट्टीची कार्डं २०१८ च्या अखेरीपर्यंत बदलून चिपची करायला रिझर्व्ह बँकेने लावलं होतं, आणि चिप असताना पट्टी घासणं हे नकली कार्डाचं लक्षण धरलं जातं.

दोष कार्डाचा की खाचेचा हे ओळखायला तुमचं स्वतःचं कार्ड घालून बघा. एकच कार्ड अडत असेल तर ते कार्ड, सगळीच अडत असतील तर खाच. खाच साफ करायला कार्डाच्याच आकाराचं क्लीनिंग कार्ड मिळतं, ते कोरडं चार-पाचदा आत-बाहेर करायचं. तोंडाने फुंकर मारू नका, ओल आत जाते. टाचणी, काडी, सँडपेपर लावलेलं कार्ड, हे सगळं मी बघितलंय आणि त्या सगळ्या मशीनच्या पिना वाकलेल्या होत्या. मशीन गिरणीच्या तोंडासमोर न ठेवता गल्ल्याच्या मागे ठेवलं आणि रात्री वर कापड टाकलं तरी फरक पडतो.

चिठ्ठी कोरी निघाली तर रोल उलटा बसलाय. कागदावर नखाने ओरखडा काढा. ज्या बाजूला काळी रेघ उमटते ती छपाईची बाजू. आणि या चिठ्ठ्या उन्हाने, उष्णतेने उडून जातात, म्हणून मोठ्या रकमेच्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पुढे एखाद्याने "हा व्यवहार मी केलाच नाही" असं बँकेला कळवलं तर पुरावा तुमच्याकडेच मागतात.

रेंजबद्दल फार सांगायची गरज नाही. गणपती पेठेतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींमागे मशीनच्या सिमला रेंज मिळत नाही, आणि द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत तासगावकडच्या कृषी सेवा केंद्रांत गर्दी आणि रेंज यांचं गणित कधी जमत नाही. मशीन वायफाय घेणारं असेल तर दुकानाच्या वायफायवर टाका, नसेल तर दुसऱ्या कंपनीचं सिम मागून घ्या. देतात, मागावं लागतं.

खात्यात रक्कम कमी का आली?

ही तक्रार महिन्याच्या शेवटी, हिशोब लिहिणाऱ्याकडून येते. मशीनच्या रिपोर्टात १०,००० आणि खात्यात ९,९०४ रुपये ४२ पैसे. बँक लुटते म्हणायच्या आधी चिठ्ठ्या कार्डाच्या जातीप्रमाणे वेगळ्या करा. रूपे डेबिटचे ४,००० असतील तर त्यावर शून्य, कारण १ जानेवारी २०२० पासून रूपे डेबिट आणि भीम-यूपीआयवर एमडीआर, म्हणजे बँक दुकानदाराकडून कापते ते शुल्क, नाही. दुसऱ्या डेबिट कार्डाचे ३,००० असतील तर जास्तीत जास्त ०.९० टक्के, म्हणजे २७ रुपये. मागच्या आर्थिक वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर हाच दर ०.४० टक्क्याच्या वर जाता कामा नये. तसा लावला जात नसेल तर बँकेला उलाढालीचा कागद देऊन भांडा. क्रेडिट कार्डाला असं सरकारी बंधन नाही, करारात लिहिलंय तेच. तो दर १.८ टक्के धरला तर ३,००० वर ५४ रुपये. झाले ८१, त्यावर १८ टक्के जीएसटी १४ रुपये ५८ पैसे, एकूण ९५ रुपये ५८ पैसे. जुळलं?

"रूपे फुकट आहे ना, मग कापले कसे?" हेही नेहमीचं. फुकट आहे ते रूपे डेबिट. रूपेचं क्रेडिट कार्डही असतं आणि त्याला दर लागतो. चिठ्ठीवर कार्डाचा प्रकार छापलेला असतो, तो वाचा. आणि कापलेले पैसे "दोन टक्के वर द्या" म्हणून डेबिट कार्डवाल्याकडून वसूल करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, पाटी लावून असलं तरी.

दुसरा घोळ तारखेचा. दिवसभराचे व्यवहार एका बॅचमध्ये जमतात आणि बॅच बंद झाली, म्हणजे सेटलमेंट झालं, की पैसे साधारण दुसऱ्या दिवशी येतात. बऱ्याच मशीनवर हे रात्री ठरलेल्या वेळी आपोआप होतं, पण मशीन चालू आणि रेंजमध्ये असेल तरच. दुकान बंद करताना मशीनही बंद करणाऱ्यांचे पैसे एक-एक दिवस मागे पडत जातात. मिरजेत हॉस्पिटलांभोवतीची औषधांची दुकानं रात्रभर उघडी. तिथे सेटलमेंट अकराला झालं की सव्वाअकराची औषधं उद्याच्या बॅचमध्ये जातात. रोजकीर्द तारखेने न लिहिता बॅच नंबराने लिहिली तर हिशोब जुळतो. चुकून जास्त रक्कम घेतली तर सेटलमेंटच्या आधी "व्हॉइड" करा, व्यवहार तिथेच मिटतो. नंतर "रिफंड" करावा लागतो आणि त्याला दिवस लागतात.

पुराच्या दिवसांत सेटलमेंटचं महत्त्व आणखी वाढतं. काही मशीन बॅच बंद होईपर्यंत व्यवहार स्वतःच्या पोटात ठेवतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं आणि मारुती चौक, हरभट रोडवरची दुकानं कित्येक दिवस पाण्यात होती. पाणी चाळिसाकडे सरकायला लागलं की माल वर चढवायच्या आधी मशीनवर सेटलमेंट दाबा, रिपोर्टचा फोटो घ्या आणि मशीन घरी न्या. एवढ्याने त्या दिवसाचा गल्ला सुटतो.

भिजलेलं मशीन वाळवून चालू करू नका आणि मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे तर मुळीच नेऊ नका. पिन कुलूपबंद करणाऱ्या किल्ल्या मशीनच्या आत जपलेल्या असतात आणि त्यांना जिवंत ठेवायला एक छोटी बटन बॅटरी असते. झाकण उघडलं, मशीन जोरात आपटलं किंवा ती बॅटरी संपली की मशीन त्या किल्ल्या स्वतःच पुसून टाकतं, कारण उघडलेल्या मशीनमध्ये पिन चोरायचं यंत्र बसवलेलं असू शकतं. पडद्यावर "टॅम्पर्ड" आलं की ते मशीन गावात कुणालाही दुरुस्त करता येत नाही, मलाही नाही. हंगाम संपल्यावर महिनोन्‌महिने कपाटात ठेवलेल्या मशीनचंही हेच होतं; अधूनमधून चार्जिंगला लावत जा.

बदली मशीन येईल तेव्हा त्याचा टीआयडी वेगळा असू शकतो. घेऊन येणाऱ्याचं ओळखपत्र बघा, बँकेत फोन करून खात्री करा, आणि तो जायच्या आधी स्वतःच्या कार्डाने एक रुपया मारून चिठ्ठी काढा. तिच्यावर तुमच्याच दुकानाचं नाव आणि तुमचाच एमआयडी, म्हणजे बँकेने दुकानाला दिलेला नंबर, आहे का ते जुन्या चिठ्ठीशी ताडून बघा. दुसऱ्याच दुकानाचा एमआयडी भरलेलं मशीन आलं, तर सगळे व्यवहार "अप्रूव्ह्ड" होतात, चिठ्ठ्या निघतात आणि पैसे त्याच्या खात्यात जमा होतात. तुमच्या खात्यात तो रुपया आलेला दिसेपर्यंत मोठी बिलं जुन्याच मार्गाने घ्या.